सात सेकंदांचा खोकला

बडबडीनं मावशीला आईच्या मोबाइलवर पाहिलं ते बुधवारी संध्याकाळी, आणि गुरुवारी सकाळी नऊच्या आत पाळणाघरातल्या सगळ्या मुलांना ते ठाऊक झालं होतं.

बडबडी पावणेपाच वर्षांची. तिचं खरं नाव हजेरीच्या वहीत होतं, पण वहीबाहेर ते कुणी वापरत नसे. आणि मावशी म्हणजे बटणमावशी. तिच्या हनुवटीवर वाटाण्याएवढा काळा तीळ होता. नवीन मूल आलं, आईच्या नावानं रडून रडून दमलं, की मावशी त्याला मांडीवर घेऊन म्हणायची, "हे बटण दाब बघू." मुलानं दाबलं की ती तोंडानं दारावरच्या घंटीचा आवाज काढायची. बहुतेकांचं रडणं तिथंच थांबायचं. ज्यांचं थांबत नसे, त्यांना ती आणखी रडू द्यायची. गेली नऊ वर्षं हे असं चाललं होतं.

त्या सकाळी ती बूट काढायच्या बाकावर बसून एका मुलीला नाडी बांधायला शिकवत होती. ही विद्या घाईनं शिकवता येत नाही. आपण बांधून दिली तर अर्ध्या मिनिटात काम होतं, पण मूल काही शिकत नाही. म्हणून मावशी स्वतःचे दोन्ही हात मांडीखाली दाबून बसायची, म्हणजे ते न विचारता पुढे जायचे नाहीत.

"मावशी, खोक ना," बडबडी म्हणाली.

"का गं बाई?"

"मोबाइलमधल्यासारखं. अशी." बडबडीनं छातीवर हात ठेवला, डोळे मिटले आणि पुढे वाकून असं काही खोकून दाखवलं की तिची केसांची पिन निघून खाली पडली.

मुलांना खेळ मिळाला. दोन मिनिटांत अख्खी खोली छातीवर हात ठेवून खोकत होती. मावशीचे हात मात्र मांडीखालून निघाले होते, आणि ते कुठं ठेवावेत हे तिला कळत नव्हतं.

दारात बडबडीची आई उभी होती. एरवी ती मुलीला आत ढकलून बस पकडायला पळायची. कपड्यांच्या कारखान्यात तिची पाळी सव्वानऊला सुरू व्हायची. आज ती हलली नाही.

"हे तुम्हीच ना?" तिनं मोबाइल पुढे केला.

दोन मिनिटं चाळीस सेकंदांची फिल्म होती. जगभरच्या दाट वस्त्यांमध्ये क्षयरोग कसा परत येतोय, यावर. आधी कुठल्या तरी शहराची छपरं, मग एक डॉक्टर, मग नकाशावर लाल ठिपके. आणि मग दवाखान्याच्या ओट्यावरची रांग. रांगेत मावशी, अकरा वर्षांनी तरुण, हनुवटीवर तोच तीळ. ती वाकून खोकत होती, आणि वरून एक गंभीर आवाज सांगत होता, "उपचार अर्धवट सोडणारे असे रुग्ण नकळत इतरांनाही धोक्यात घालतात."

"मीच आहे," मावशी म्हणाली. "पण मला तो आजार कधी झाला नव्हता हो."

"मग खोकताय कशाला?"

बडबडीच्या आईनं मुलीचा हात धरला आणि तिला घेऊन परत गेली. त्या दिवशी तिचा खाडा झाला असणार.

पाळणाघर ज्यांचं होतं त्या मोठ्या बाई सत्तरीच्या, गुडघ्यांनी अधू, पण डोक्यानं खणखणीत. त्यांनी मावशीला लगेच छातीचा फोटो काढायला पाठवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरांनी सहीशिक्क्यानिशी लिहून दिलं की बाईंची छाती स्वच्छ आहे, आजाराची जुनी खूणही नाही. मोठ्या बाईंनी तो कागद पालकांच्या मोबाइलवरच्या गटात टाकला. हातच्या काकणाला आरसा कशाला, असं त्यांना वाटलं होतं. पण उत्तरं आली ती अशी: कागद काय, कुणीही आणतं. आम्ही डोळ्यांनी पाहिलंय. आणि एकानं लिहिलं, सुक्याबरोबर ओलंही जळतं, आधी आमच्या लेकरांचं बघा.

शनिवारी चार वाजता सभा ठरली. तोवर मावशीनं मुलांच्या खोलीत यायचं नाही, स्वयंपाकघरात बसायचं.

"सोळांपैकी नऊ घरांनी लिहिलंय, मावशी राहिली तर मूल काढून घेऊ," मोठ्या बाई म्हणाल्या. "नऊ गेली तर मला दार लावावं लागेल. तुम्हाला ठेवायचं माझ्या मनात आहे, पण मनात असून भागत नाही."

"कळतं मला."

"एक विचारू? त्या रांगेत तुम्ही कशाला उभ्या होतात?"

मावशी गाजरं सोलत होती. तिनं एक गाजर गरजेपेक्षा जास्तच सोललं.

"मला नका सांगू," मोठ्या बाई उठत म्हणाल्या. "पण शनिवारी विचारतील."

स्वयंपाकघराला अर्धं दार होतं, मुलं आत शिरू नयेत म्हणून लावलेलं. दुपारपर्यंत त्यावर एकामागून एक नाकं येऊन टेकत होती. "मावशी, तू रुसलीस का?" "मावशी, तुला शिक्षा झालीय का?" एका चिमुरडीनं तर दारावरून तिला आपलं अर्धं बिस्किट दिलं, शिक्षा झालेल्यांना भूक लागते म्हणून.

शुक्रवारी दुपारी मावशीनं एप्रन काढला आणि ती वृत्तवाहिनीच्या कचेरीत गेली.

फाटकावरच्या रखवालदारानं तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "तक्रार आहे? तक्रारीला पेटी आहे आमच्याकडे. ती बघा."

"उघडतं का कुणी?"

"किल्ली सापडली की उघडू." तो स्वतःच हसला. "काय झालं काय पण?"

"मी तुमच्या बातम्यांत दिसते."

"मग सही द्या की आम्हाला!"

मावशी हसली नाही. तिचा चेहरा पाहून तोही थांबला, आणि जरा खालच्या आवाजात म्हणाला, "असं करा, वरच्या साहेबांकडे जाऊ नका. तिथं नुसतं बसवून ठेवतात. जिन्यानं खाली जा. नोंदकाकांना विचारा."

तळघरातली ती खोली म्हणजे वाहिनीचं साठाघर. इथं एक गोष्ट समजून घ्यायला हवी. अडीच मिनिटांची फिल्म करताना प्रत्येक दृश्य नव्यानं टिपायला वेळ नसतो. मग जुन्या साठ्यातली दृश्यं काढतात: रांग, गर्दी, बंद कारखाना, खिडकीत बसलेली म्हातारी. हजारो दृश्यांतून हवं ते सापडावं म्हणून प्रत्येकाला एक चिठ्ठी लागते, आत काय आहे ते सांगणारी. नोंदकाका ती चिठ्ठी लिहीत. पूर्वी कॅसेटच्या पाठीवर शाईनं लिहायचे, आता संगणकावर. चोवीस वर्षं ते हेच करत होते, आणि आपल्या नोंदीत चूक नसते याचा त्यांना अभिमान होता.

"या, बसा," ते म्हणाले. "त्या खुर्चीवर नको, तिचा पाय खोटा आहे. हं. काय हवंय?"

मावशीनं सगळं सांगितलं. पाळणाघर, फिल्म, छातीचा फोटो, शनिवार, चार वाजता. नोंदकाकांनी तिला मधे एकदाही थांबवलं नाही. मग त्यांनी संगणकावर चार शब्द टाकले, आणि पडद्यावर ती रांग आली. खाली त्यांचीच चिठ्ठी होती: "रुग्ण स्त्री, दवाखान्याची रांग, खोकताना. सात सेकंद. उत्तम."

"उत्तम?" मावशी म्हणाली.

"म्हणजे चित्र हललेलं नाही, उजेड बरा आहे," काका ओशाळले. "आमची पद्धत आहे ती."

"आणि रुग्ण स्त्री? ते कुणाला विचारून लिहिलंत?"

काकांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. विचारून लिहायची पद्धत नव्हती. दवाखाना आहे, रांग आहे, बाई खोकतेय. मग दुसरं काय लिहिणार?

"हे कितीदा दाखवलंत?"

प्रत्येक वापराची नोंद होते. काकांनी यादी उघडली आणि मनातल्या मनात वाचली. मावशीनं मान पुढे केली. "वाचा की मोठ्यानं. माझंच आहे ना?"

"चौदा वेळा. क्षयरोगावर पाच. धुराच्या प्रदूषणावर तीन. महाग औषधांवर दोन. एकट्या स्त्रियांचे प्रश्न, एक. स्थलांतरितांच्या छावण्या..." काकांचा आवाज बारीक झाला. "ही तर दुसऱ्या खंडातली बातमी आहे."

"म्हणजे मी परदेशीही जाऊन आले," मावशी म्हणाली. "आणि आमच्या ह्यांना वाटतं, मी कोपऱ्यावरच्या दुकानापलीकडे जात नाही."

काका हसले, आणि मग हसल्याबद्दल त्यांनाच वाईट वाटलं.

"मूळ चित्रण आहे का बघतो," ते म्हणाले. "सात सेकंद आपण कापलेले. आधीनंतरचं असेल." ते सापडायला पंधरा मिनिटं लागली. एकूण सहा मिनिटांचं चित्रण होतं. सवयीनं त्यांनी ते वेगानं, आवाज बंद ठेवून चालवलं.

"आवाज नाही का त्याला?"

"असतो. पण असली दृश्यं आम्ही मुकीच बघतो. दिवसाला तीस-चाळीस कॅसेटी यायच्या. मुलाखत असेल तरच आवाज लावायचा. रांगेला काय आवाज असणार?"

"लावा," मावशी म्हणाली.

काकांनी चित्रण मागे नेलं, आवाज लावला आणि सुरुवातीपासून चालू केलं.

ओट्यावर रांग. कॅमेरा हलत हलत एका तरुण मुलीवर थांबला. ओढणीनं तोंड झाकलेली, काठीसारखी वाळलेली. ती पाठ फिरवत होती आणि कॅमेरा वळसा घालून पुन्हा तिच्या तोंडासमोर येत होता. मग मावशीचा आवाज आला, तरुण आणि घाबरा: "दादा, तिला नको. माझी बहीण आहे ती, लग्नाची आहे. तिला सोडा, हवं तर माझं घ्या." कॅमेरावाल्याचा आवाज: "तुमचं घेऊन काय करू? तुम्ही तर धडधाकट दिसताय. बरं, उभ्या राहा. नुसत्या उभ्या नका राहू ताई, जरा खोका ना." "कशी खोकू?" "खोकतात तशी. छातीवर हात ठेवून." आणि मग ते सात सेकंद. त्यानंतर कॅमेरावाला म्हणाला, "झक्कास. आणखी एकदा?"

काकांनी चित्रण थांबवलं. अकरा वर्षं हा आवाज त्यांच्या मागच्या फळीवर होता आणि त्यांनी तो ऐकला नव्हता.

"तुम्ही विसरला होतात का हे?" त्यांनी विचारलं.

"विसरेन कशी?" मावशी पायाशी बघत म्हणाली. "पण सांगू कुणाला? खोटं खोकले ते खोकलेच ना. त्या मुलीच्या आईनं विचारलं कशाला खोकलात, तर काय सांगणार, बहिणीला वाचवायला? म्हणजे बहिणीला आजार होता, हे आलंच. तेच तर सांगायचं नाहीये. तिच्या सासरी ठाऊक नाही. आठ महिने औषधं घेतली तिनं, एक दिवस चुकू दिला नाही मी. ठणठणीत झाली, मग लग्न झालं. दोन मुलं आहेत आता. सासरची माणसं वाईट नाहीत, पण असल्या बाबतीत कोण कसं वागेल, सांगता येतं का?"

नोंदकाकांनी वरच्या मजल्यावर फोन लावला आणि ती फिल्म करणाऱ्या वार्ताहर मुलीला खाली बोलावलं. ती आली, धापा टाकत, हातात अर्धं सफरचंद. समाजाच्या प्रश्नांवर फिल्म करणारी, मनानं चांगली मुलगी होती ती. सहा मिनिटं तिनं उभ्यानंच पाहिली, आणि सफरचंद टेबलावर ठेवून दिलं.

"मी आत्ताच्या आत्ता हे दृश्य काढते," ती म्हणाली. "संध्याकाळपर्यंत फिल्म बदललेली असेल."

"ज्यांनी बघायचं त्यांनी बघून झालंय, पोरी," काका म्हणाले.

"मग हे दाखवू या ना त्यांना! अख्खं. उद्याच्या सभेत." तिचे डोळे चमकायला लागले. "खरं तर यावरच फिल्म व्हायला हवी. एक बहीण दुसरीसाठी... मावशी, किती सुंदर गोष्ट आहे ही!"

"बाई गं," मावशी म्हणाली, "पुन्हा माझी गोष्टच करणार का तू?"

मुलगी लाल झाली. "सॉरी. मी आपलं..."

"तुझ्या मनात वाईट नाही, ते दिसतंय. पण त्यात तिचं तोंड आहे. नुसती ओढणी असली तरी तिच्या माणसांना ती ओळखू येणार. माझ्या तोंडचं काळं पुसायचं आणि तिच्या तोंडाला लावायचं, हे मला जमणार नाही."

वरच्या मजल्यावर कुणी तरी खुर्ची ओढल्याचा आवाज झाला.

"नुसता आवाज लावला तर?" काका म्हणाले. "चित्र नाहीच. 'नुसत्या उभ्या नका राहू' पासून 'झक्कास'पर्यंत. त्यात बहिणीचं नाव-निशाण नाही." मग त्यांनी कपाळ चोळलं. "पण म्हणजे परत तुकडाच झाला. आधीचं कापून, नंतरचं कापून. त्यानंच तर तुमचं वाटोळं केलं."

"तेव्हा मला कुणी विचारलं नव्हतं," मावशी म्हणाली. "कुठनं कापायचं ते आता मी सांगते."

आणि तिनं सांगितलं. काकांनी तीनदा ऐकवलं, तिनं दोनदा मागेपुढे करायला लावलं, आणि मग मान हलवली. ती जायला निघाली तेव्हा काकांनी तिच्यासमोरच जुनी चिठ्ठी पुसली आणि नवी लिहिली: "या बाई रुग्ण नाहीत. त्यांची परवानगी नाही. वापरू नये." मावशीनं ती वाचली आणि म्हणाली, "'बाई' शब्द बरा वाटला."

शनिवारी चारला पाळणाघरात बावीस माणसं आली आणि मोठ्या खुर्च्या होत्या पाच. त्यामुळे बाकीचे आई-बाप मुलांच्या वीतभर खुर्च्यांवर बसले, गुडघे छातीशी घेऊन. एक वजनदार गृहस्थ बसले ते खुर्ची घेऊनच उठतील की काय, अशी भीती वाटत होती. मुलं पलीकडच्या खोलीत ठोकळे खेळत होती. कोपऱ्यात नोंदकाका, मांडीवर छोटा ध्वनिवर्धक धरून.

मोठ्या बाईंनी त्यांची ओळख करून दिली. काका उभे राहिले. वर्षानुवर्षं तळघरात बसलेला माणूस, चार लोकांपुढे बोलायची सवय नाही.

"त्या बाईंना रुग्ण मी केलं," ते म्हणाले. "माझ्या हातानं. तसं लिहून ठेवलं, आणि मग जो तो त्यांना रुग्ण म्हणून वापरत गेला. मी त्यांना कधी भेटलो नव्हतो. काल भेटलो. आता एक ऐकवतो."

"चित्र कुठाय?" मागून एकानं विचारलं.

"चित्र तुम्ही पाहिलंत साहेब. त्यानंच घोळ झाला."

त्यांनी आवाज लावला. नुसत्या उभ्या नका राहू ताई, जरा खोका ना. कशी खोकू? खोकतात तशी, छातीवर हात ठेवून. मग खोकला. चित्र नसल्यावर तो किती खोटा वाटतो, हे तिथं प्रत्येकाला कळलं. मग 'झक्कास'. कुणी तरी फसकन हसलं आणि लगेच आवरलं.

"शाबास," ते वजनदार गृहस्थ म्हणाले. "चोर सोडून संन्याशाला फाशी देत होतो की आपण."

तेवढ्यात बडबडीची आई उभी राहिली. तिचा चेहरा रात्रभर न झोपलेल्या माणसासारखा होता.

"खोकला खोटा होता, मान्य," ती म्हणाली. "पण रांग तर खरी होती ना? रांगेत तुम्ही कशाला होतात?"

मोठ्या बाईंनी डोळे मिटून घेतले. मावशी स्वयंपाकघराच्या अर्ध्या दाराशी उभी होती, एक हात त्याच्या कडीवर. पाठ दुखत होती, ताप होता, असं काहीही सांगता आलं असतं. ते खोटं कुणाला शोधून काढता आलं नसतं.

"सोबत गेले होते," ती म्हणाली.

"कुणाच्या?"

"ते नाही सांगणार."

कुजबुज सुरू झाली. म्हणजे घरातच होतं. बघा, मी म्हणत नव्हते? आजार लपवतात ही माणसं. बडबडीची आई पुढे आली. "माझी मुलगी सातव्या महिन्यात झाली हो. सहा आठवडे काचेच्या पेटीत होती. तिला साधं पडसं झालं तरी मी बसून तिचा श्वास ऐकते. आणि तुम्ही म्हणता, नाही सांगणार?"

"तुम्ही घाबरणारच," मावशी म्हणाली. "दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. मी तुमच्या जागी असते तर अशीच उभी राहिले असते. जी आजारी होती ती औषधं पुरी घेऊन बरी झाली, अकरा वर्षं झाली त्याला. माझी छाती तपासून झालीय, परत तपासा, दर सहा महिन्यांनी तपासा. माझ्याबद्दल काय हवं ते विचारा. पण नाव तिचं आहे, माझं नाही. ते मी कसं देऊ?"

"पण आम्ही विश्वास कशावर ठेवायचा?" एक आई म्हणाली.

मावशीनं कडीवरचा हात काढला. आणि मग पलीकडच्या खोलीतून, ठोकळ्यांच्या खडखडाटातून, बडबडीचा आवाज स्पष्ट ऐकू आला. ती कुणाला तरी सांगत होती, "आमचे बाबा ना, बाथरूममध्ये जाऊन रडतात. नळ सोडून. आईला वाटतं आंघोळ करतायत."

बडबडीचे बाबा दुसऱ्या रांगेत, छोट्या हिरव्या खुर्चीवर बसले होते. त्यांनी हळूच मान खाली घातली. बायकोनं त्यांच्याकडे वळून पाहिलं, आणि ती खाली बसली.

"मुलं सांगतात ते काय ऐकता," शेजारची बाई घाईघाईनं म्हणाली, बहुधा त्यांना सावरायला. "आमचा चिरंजीव तर घरातलं सगळं..." आणि तीच गप्प झाली. तिला काही तरी आठवलं असावं.

मग ते एकेकाच्या लक्षात येत गेलं. मुलं बोलतात. सकाळी साडेआठ ते संध्याकाळी सहा मुलं इथं असतात, आणि ज्या मांडीवर बसून ती बोलतात ती ही मांडी. कुणाचं भांडण झालं, कुणाची नोकरी गेली, कुणी कुणाला काय म्हटलं, कुणाची आजी कुणाशी बोलत नाही. घरोघरी मातीच्या चुली असतात हे खरं, पण आपली चूल दुसऱ्यानं पाहिलेली कुणाला आवडते?

"म्हणजे आमच्याकडचंही...?" वजनदार गृहस्थांनी सावकाश विचारलं.

"मला काही आठवत नाही हो," मावशी म्हणाली. "एवढी मुलं, एवढा दंगा. या कानानं ऐकायचं, त्या कानानं सोडायचं."

"नऊ वर्षांत," मोठ्या बाई डोळे उघडून म्हणाल्या, "हिनं मला कुणाच्या घरातलं एक अक्षर सांगितलेलं नाही. मी विचारूनसुद्धा. आणि मी विचारते हो, मला भारी उत्सुकता." यावर बरेचजण हसले, आणि हसताना त्यांच्या खुर्च्या कुरकुरल्या.

त्यानंतर फारशी चर्चा झाली नाही. दर सहा महिन्यांनी मावशीचीच नव्हे, मोठ्या बाईंसकट सगळ्यांची तपासणी व्हावी, असं एका बापानं सुचवलं. ते सगळ्यांना पटलं. दोन घरांनी तरीही मुलं काढून घेतली. त्यांतली एक आई जाताना मावशीला म्हणाली, "तुमच्यावर राग नाही, पण माझ्या सासूबाई ऐकणार नाहीत." मावशीनं तिच्या मुलाची टोपी आणि उशी शोधून पिशवीत भरून दिली, आणि तो झोपताना उजव्या कुशीवरच झोपतो, डाव्या कुशीवर ठेवलं तर उठून बसतो, हे नव्या पाळणाघरात सांगायला सांगितलं.

नोंदकाका वायर गुंडाळत होते. "सोमवारपासून आवाज लावून बघणार आहे," ते तिला म्हणाले. "सगळं. मागचंसुद्धा."

"जन्म पुरायचा नाही तुम्हाला."

"निवृत्त व्हायला तीन वर्षं आहेत. जेवढं होईल तेवढं."

माणसं पांगली. बडबडीचे बाबा मुलीला खांद्यावर घेऊन बाहेर गेले. आई मात्र दारापाशी घुटमळत राहिली. मावशी वीतभर खुर्च्या एकात एक घालून रचत होती. तीही रचू लागली. चार-पाच खुर्च्या झाल्यावर तिनं न बघता विचारलं, "ती माझ्याबद्दल काय सांगते?"

"घरी जाऊन तिलाच विचारा."

"आणि ह्यांच्याबद्दल... ते तुम्हाला आधीच ठाऊक होतं?"

मावशीनं खुर्ची उचलली, ठेवली. "आज घरी जाऊन त्यांच्याशी बोला," ती म्हणाली.

बडबडीच्या आईनं बराच वेळ मान हलवली, जणू लांबलचक काही ऐकत होती. मग तिनं पर्स उघडली. आतून सर्दी-खोकल्याच्या औषधाची छोटी बाटली काढली, टोपणाला रबर लावलेली.

"कालपासून नाक वाहतंय तिचं. सोमवारी दुपारच्या जेवणानंतर अर्धा चमचा. जास्त नाही. थुंकून टाकते ती, लक्ष ठेवावं लागतं."

मावशीनं बाटली घेतली, उजेडाला धरून वरची तारीख वाचली, आणि स्वयंपाकघरातल्या वरच्या फळीवर, मुलांचा हात पोचणार नाही अशा जागी ठेवली.

"इथं नाही थुंकत," ती म्हणाली. "साडेआठला आणा. आणि तिची ती केसांची पिन सापडलीय, जाताना तेवढी घेऊन जा."